कॅनबिस टेस्टिंग लॅबवर शहराचा कर कसा लागतो? कॅलिफोर्नियाचं उदाहरण

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१८ पासून २१ वर्षांवरील व्यक्तीला परवाना असलेल्या दुकानातून कॅनबिस, म्हणजे गांजा, विकत घेता येतो. पण दुकानात पोचण्याआधी प्रत्येक बॅच लॅबमधून पास व्हावी लागते. मी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून या लेखात लॅबच्या बिलामागचा कर समजून घेऊया.

लॅब नक्की काय करते?

लॅबचा माणूस स्वतः जाऊन सॅम्पल घेतो. त्यात कीटकनाशकं, शिसं-पाऱ्यासारखे जड धातू, बुरशीची विषं, जंतू आणि टीएचसीचं प्रमाण तपासलं जातं. लॅबच्या मालकाला शेती किंवा दुकानाचा परवाना घेता येत नाही. म्हणजे लॅब गांजा विकत नाही, फक्त रिपोर्ट विकते.

मग कर कशावर?

राज्याचा एक्साइज टॅक्स दुकानातल्या विक्रीवर असतो. शहराचा कर वेगळा. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नुसार शहराला नवा कर लावायचा असेल तर मतदारांची मंजुरी लागते. म्हणून प्रत्येक शहराचे दर निराळे आहेत.

• लॉस एंजेलिस: मार्च २०१७ मध्ये मेझर एम मंजूर झालं. साध्या किरकोळ विक्रीवर १०%, वैद्यकीय विक्रीवर ५%, उत्पादन आणि लागवडीवर २%, तर टेस्टिंगवर १%.
• लाँग बीच: नोव्हेंबर २०१६ मध्ये मेझर एमए मंजूर झालं. लॅबला आधी ६% कर होता, नंतर सिटी कौन्सिलने तो १% वर आणला.

६% आणि १% मध्ये एवढा काय फरक?

इथेच खरी गोम आहे. हा कर नफ्यावर नाही, एकूण जमेवर आहे. आपल्या जीएसटीसारखं इनपुट क्रेडिटही त्यात नाही. एक काल्पनिक हिशोब बघा:

• महिन्याची जमा: १,००,००० डॉलर
• पगार, मशीन, केमिकल, भाडं: ९५,००० डॉलर
• करापूर्वी उरले: ५,००० डॉलर

१% दराने कर १,००० डॉलर, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. ६% दराने ६,००० डॉलर, म्हणजे लॅब १,००० डॉलर तोट्यात. धंदा तोच, फक्त दर बदलला.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसं बसवायचं?

कराचा दर कोडमध्ये पक्का लिहून चालत नाही. निदान तीन गोष्टी टेबलमध्ये हव्यात: शहर, कामाचा प्रकार आणि दर कोणत्या तारखेपासून लागू. तारीख नसेल तर दर बदलल्यावर जुनी बिलंही नव्या दराने मोजली जातील. शिवाय पत्त्यावरचं नाव बघून शहर ठरवू नका. ईस्ट लॉस एंजेलिस नावात लॉस एंजेलिस असूनही शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीत येतं. नकाशावरची हद्दच तपासायला हवी.

ग्राहकाचा याच्याशी काय संबंध?

लॅबला पैसे देतो तो माल विकणारा. त्यामुळे स्वस्त आणि ‘सोयीचा’ रिपोर्ट देणाऱ्या लॅबकडे काम जाण्याचा धोका मुळातच आहे. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या शोधवृत्तात परवानाधारक दुकानांतल्या मालातही कीटकनाशकं सापडल्याचं समोर आलं. कर हे त्याचं कारण आहे असं मी म्हणत नाही. पण जिचं मार्जिन आधीच कमी आहे आणि जिला गरज पडल्यास ‘नापास’ म्हणायचंय, त्या लॅबवर एकूण जमेचा कर जास्त जड पडतो, हे वरच्या हिशोबात दिसतंच.

थोडक्यात

लॅबचा कर बघताना नुसती टक्केवारी बघू नका. ती कशावर मोजली जाते ते आधी बघा. माझ्या मते लॅबचा दर दुकानापेक्षा बराच कमी ठेवणं हे शहराचं शहाणपण आहे. तपासणी नीट झाली तरच दुकानातल्या लेबलवर विश्वास ठेवता येतो.