न फसणाऱ्या कुलपाच्या शोधात

१८५१ साली लंडनमध्ये भरलेले महाप्रदर्शन म्हणजे इंग्लंडच्या यंत्रकौशल्याचा सोहळाच होता. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या कुलूपतज्ज्ञाने इंग्लंडमधील दोन नामांकित कुलपे किल्लीशिवाय उघडून दाखवली आणि एकच खळबळ उडाली.

पहिले कुलूप चब यांचे होते. १८१८ सालापासून प्रसिद्ध असलेल्या या कुलपात चोराला पकडण्याची सोय होती. आतील एखादी तरफ गरजेपेक्षा जास्त उचलली गेली, की ती अडकून पडे. मग मालकाला कळे, की कोणीतरी हात लावला होता. हॉब्जने ते सुमारे २५ मिनिटांत उघडले. दुसरे कुलूप जोसेफ ब्रामा याचे. त्याच्या १७८४ सालच्या पेटंटवर आधारलेले, आत १८ सरकत्या पट्ट्या असलेले हे कुलूप पिकॅडिलीवरील दुकानाच्या काचेत अनेक वर्षे आव्हान म्हणून ठेवलेले होते. उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. ब्रामा १८१४ साली वारला, पण आव्हान कायम राहिले. हॉब्जने १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम करून तेही उघडले.

जिथे कोट्यवधी जुळण्या शक्य आहेत, तिथे ५१ तास कसे पुरले? हे समजण्यासाठी आपल्या ओळखीच्या कुलपाकडे वळू. फ्लॅटच्या दाराला जे लॅच असते, त्यात बहुधा पिनांचे कुलूप असते. लाकडी खुंट्यांची अशी कुलपे प्राचीन इजिप्तमध्येही होती. लायनस येल याने १८४८ साली त्या तत्त्वावर धातूच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्याच नावाच्या त्याच्या मुलाने १८६१ आणि १८६५ सालच्या पेटंटांतून त्याला आजचे रूप व चपटी किल्ली दिली.

या कुलपात एक स्थिर आवरण असते आणि त्यात फिरणारा एक दंडगोल. दोघांना आरपार अशी समजा पाच भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांना खाली दाबणारी स्प्रिंग. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या आवरणात, अर्ध्या दंडगोलात राहतात आणि दंडगोल फिरत नाही. योग्य किल्लीच्या खाचा प्रत्येक जोडी नेमकी इतकी उचलतात, की दोन पिनांमधला सांधा दंडगोलाच्या कडेशी येतो. पाचही सांधे एका रेषेत आले, की दंडगोल मोकळा होतो.

प्रत्येक खाचेला १० पातळ्या मानल्या, तर एकूण किल्ल्या १० × १० × १० × १० × १०, म्हणजे १ लाख. परंतु कोणतेही यंत्र पाच भोके अगदी अचूक एका ओळीत पाडू शकत नाही. केसाच्या अंशाइतका फरक राहतोच. त्यामुळे दंडगोल हलकेच फिरवून धरला, तर सगळा ताण आधी एकाच पिनेवर येतो आणि बाकीच्या सैल राहतात. ती पिन योग्य उंचीला गेली, की दंडगोल किंचित सरकतो आणि ताण दुसरीवर जातो. म्हणजे कुलूप प्रत्येक पिनेबद्दल स्वतंत्रपणे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे सांगत बसते. मग १ लाख नव्हे, फार तर १० + १० + १० + १० + १० म्हणजे ५० प्रयत्न पुरतात. गुणाकाराची बेरीज झाली! हॉब्जची पद्धत हीच होती. कुलपावर सतत हलका ताण ठेवायचा आणि कोणता भाग अडतो हे हाताने जाणायचे. चबच्या कुलपातील अडकणारी तरफही मालकाआधी उघडणाऱ्यालाच खबर देत होती.

हे वर्गात सहज दाखवता येईल. शिक्षकांनी पाच अंकी संख्या मनात धरावी. पूर्ण संख्या सांगितल्यावरच बरोबर की चूक एवढेच कळणार असेल, तर मुले दमतील. एकेका अंकाला उत्तर मिळू लागले, की खेळ काही मिनिटांत संपेल.

तेव्हा कुलूप सुधारायचे, म्हणजे त्याचे हे बोलणे थांबवायचे. पहिला उपाय अचूक घडणीचा, पण त्याला मर्यादा आहेत. दुसरा उपाय खोटे बोलायला लावण्याचा. वरची पिन दोऱ्याच्या रिळासारखी मध्ये बारीक करतात. तिची बारीक कंबर कडेशी आली, की दंडगोल थोडा फिरतो, जणू सांधा जुळलाच, पण पुढे अडतो. ब्रामाच्या कुलपांतही पुढे अशा फसव्या खाचा घातल्या गेल्या होत्या. तिसरा उपाय नवी अट घालण्याचा. अमेरिकेत १९६८ साली स्थापन झालेल्या मेडेको कंपनीच्या कुलपात किल्लीच्या खाचा तिरप्या असतात. पिन नुसती उचलून भागत नाही, ती ठराविक कोनात वळावीही लागते. तेव्हाच बाजूची एक आडवी पट्टी पिनांच्या खोबणींत शिरते आणि दंडगोल सुटतो. उंची जुळली तरी कोन जुळला की नाही, हे वेगळेच शोधावे लागते.

हॉब्जने चोरांना धडे दिले, अशी टीका तेव्हा झाली. त्यावरचे उत्तर १८५३ साली कुलपांवर प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात आहे: चोरांना आपला धंदा आधीच ठाऊक असतो, अंधारात राहतो तो गिऱ्हाईक. पुढे १८८३ साली ऑग्यूस्त केरखॉफ्स याने लष्करी सांकेतिक लिपीबद्दल असेच म्हटले, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आज संगणकावरील माहितीची कुलपेही याच नियमाने पारखली जातात.

आणि हॉब्जचे स्वतःचे काय? ज्या अमेरिकन कुलपाचा तो लंडनमध्ये प्रचार करत होता, ते काही वर्षांतच धाकट्या येलने उघडून दाखवले. आम्हाला यात हॉब्जची फजिती दिसत नाही. त्याने सुरू केलेली तपासणी त्याच्याही कुलपाला लागू झाली, इतकेच.