बाळाला उशी केव्हा द्यावी? : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सवाचा, नाट्यशाखेचा आणि वाचनालयाचा इतिहास यावा हे स्वाभाविकच आहे. परंतु घर सोडून दूर आलेल्या कुटुंबांचा इतिहास केवळ सभागृहात घडत नाही. तो पाळण्याभोवतीही घडत असतो. पहिले मूल परमुलुखात वाढविताना आईबापांना जे नाना प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे गावी असताना माजघरातून मिळाली असती. येथे ती एके काळी पत्राने मागवावी लागत आणि आता दूरध्वनीवरून मागविली जातात. अशा प्रश्नांपैकी एक, वरकरणी अगदी क्षुल्लक भासणारा, आम्ही या लेखासाठी निवडला आहे. बाळाच्या डोक्याखाली उशी केव्हा द्यावी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातील चुकीच्या उत्तरांची किंमत अनेक घरांनी फार जबर मोजलेली आहे.

प्रारंभ शब्दापासून करू. आपला ‘उशी’ हा शब्द संस्कृत ‘उच्छीर्षक’ या शब्दापासून प्राकृतातून उतरलेला आहे. डोके उंच करणारे ते उच्छीर्षक. कोकणीतील ‘उशें’ आणि गुजरातीतील ‘ओशीकुं’ ही त्याचीच भावंडे. हिंदीतील ‘तकिया’ आणि बंगालीतील ‘बालिश’ हे शब्द फारसीकडून आले. तमिळ माणूस ‘तलैयणै’ म्हणतो, त्यातही ‘तलै’ म्हणजे डोकेच. भारतभर विखुरलेल्या आपल्या कुटुंबांनी शेजाऱ्यांकडून हे सारे शब्द ऐकलेले असतील. आपल्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डोके उंच करणे हेच उशीचे काम. आणि तान्ह्या बाळाला जर कशाची गरज नसेल, तर ती नेमकी याच गोष्टीची.

जगाच्या इतिहासात उशी ही मुख्यतः मोठ्या माणसांची वस्तू आहे, आणि ती मऊच असे असेही नाही. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात हस्तिदंताची व काचेची शिरोधाने सापडली. चीनमध्ये सुंग राजवटीत चिनीमातीच्या टणक उशा प्रचारात होत्या. त्या काळातील डिंग येथील भट्ट्यांत घडविलेली, पालथ्या पहुडलेल्या गुटगुटीत बालकाच्या आकाराची उशी प्रसिद्ध आहे. त्या बालकाच्या पाठीवर डोके टेकून निजावयाचे ते मोठ्यांनी. उशीला बालकाचा आकार मिळाला, परंतु ती बालकासाठी नव्हती.

आपल्या वैद्यकग्रंथांनी अर्भकाच्या शय्येचा विचार बारकाईने केलेला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बाळाचे अंथरूण-पांघरूण मृदु, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे असे सांगितले आहे. घामाने, मळाने, जीवजंतूंनी वा मलमूत्राने दूषित झालेले टाकून द्यावे. दुसरे मिळणे शक्य नसेल तर तेच नीट धुऊन, धुपवून, पूर्ण वाळवून वापरावे, अशी व्यवहारी पुस्तीही तेथे जोडली आहे. त्याच अध्यायात सूतिकागारात मोहऱ्या, जवस आणि तांदळाच्या कण्या पसरण्याची सूचना आहे. सुश्रुताने नवजात बालकाच्या टाळूवर तुपात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवण्यास सांगितले. बाळाला एकाएकी जागे करू नये आणि कुबड येण्याच्या भयास्तव त्याला अकाली बसवू नये, असेही बजावले. शरीर ज्या गोष्टीला तयार झालेले नाही ती त्याच्यावर लादू नये, हे या उपदेशाचे सार आहे. आमच्या प्रश्नाच्या उत्तरातही पुढे तेच सूत्र सापडते.

मोहरीचा बाळंतिणीच्या खोलीशी असलेला हा जुना संबंध आपल्या घरांत दोन रूपांनी टिकला. एक म्हणजे मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे, आणि दुसरे म्हणजे राईची उशी. माहेरहून येणाऱ्या बाळंतविड्यात कुंची, झबली, टोपडी, दुपटी आणि गोधडी यांच्या जोडीला जुन्या मऊ लुगड्याच्या कापडाची, राई भरून शिवलेली चिमुकली उशी असे. राईचे दाणे बारीक, गोल आणि गुळगुळीत. डोके टेकताच ते सरकतात, मधोमध खळगा पडतो आणि डोके त्यात अलगद बसते. डोके एकाच बाजूला कलू नये, मागून चपटे होऊ नये, गोल यावे, हा तिचा हेतू. कलकत्त्यास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शेजारच्या बंगाली घरातही हीच वस्तू ‘शोर्षेर बालिश’ या नावाने आढळली असेल. प्रांत निराळे झाले तरी आजीची चिंता एकच.

या चिंतेला आधार नव्हता असे मुळीच नाही. जन्मतः कवटीची हाडे एकमेकांशी पक्की जुळलेली नसतात. टाळू मऊ असते. एकाच बाजूने सतत दाब आला तर आकार बदलू शकतो. ही गोष्ट मानवाने फार प्राचीन काळी ओळखली आणि तिचा उपयोगही करून घेतला. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील पाराकास संस्कृतीच्या लोकांनी मुलांची डोकी बांधून लांबट केली. ज्याने महाराष्ट्राचे आणि पुलकेशीचे वर्णन करून ठेवले तो चिनी प्रवासी ह्युएनत्संग, मध्य आशियातील कुचा व काशगर येथे नवजात मुलांची डोकी लाकडाने दाबून चपटी करण्याची रीत असल्याचे लिहितो. फ्रान्समध्ये तुलूझच्या परिसरात बाळाच्या डोक्याला घट्ट पट्ट्या बांधण्याची चाल एकोणिसाव्या शतकातही होती. यांच्या तुलनेने आपल्या आजीची अपेक्षा अगदीच सौम्य म्हणावी लागेल. तिला आकार बदलावयाचा नव्हता. निसर्गाने दिलेला गोलपणा राखावयाचा होता.

विसाव्या शतकात मात्र हीच आकाराची चिंता एका अनपेक्षित वाटेने विद्वानांच्या ग्रंथात शिरली. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर पसरले. १९५० नंतरच्या दशकातील सुधारलेल्या आवृत्तीत त्यांनी बाळाला पालथे निजविण्याकडे कौल दिला. कारणे दोन : उताणे निजलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल; आणि ते एकाच कुशीला मान वळवून राहिल्यास डोक्याची ती बाजू चपटी होईल. दोन्ही कारणे ऐकताच पटावीत अशी. पाश्चात्त्य देशांतील असंख्य मातांनी तो सल्ला मानला आणि पुढे अनेक रुग्णालयांतही बाळे पालथी निजू लागली.

त्याच काळात त्या देशांत सशक्त, हसती-खेळती बाळे रात्री झोपेतच दगावत होती. १९६९ साली सिअॅटल येथील परिषदेत या प्रकाराला झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यू या अर्थाचे शास्त्रीय नाव मिळाले. परंतु नाव मिळाले म्हणून कारण मिळाले असे झाले नाही. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात डॉ. एड मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला आणि पालथे निजविणे हा मोठा धोका असल्याचे दाखवून दिले. इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवरील निवेदिका ॲन डायमंड यांचे चार महिन्यांचे बाळ १९९१ च्या जुलैमध्ये असेच गेले. त्या न्यूझीलंडला गेल्या, तेथील अनुभव समजून घेतला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये बाळाला उताणे निजविण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथे न निजविण्याचा सल्ला १९९२ साली दिला. त्या वर्षी तेथे दर लाख जन्मांमागे असे १२० मृत्यू होत होते. २००१ साली ते ५६ वर आले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. केवळ निजविण्याची रीत बदलली. उलटी घशात अडकण्याची भीतीही निराधार ठरली, कारण उताण्या बाळांत त्या अपघाताचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

२००५ साली रूथ गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सर्व अभ्यास एकत्र करून पाहिले. १९७० सालापर्यंतचाच पुरावा कोणी एकत्र मांडला असता तरी पालथे निजविण्याचा धोका कळून चुकला असता, असा त्यांचा निष्कर्ष होता. तसे झाले असते तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बालकांचे प्राण वाचले असते, असा त्यांचा अंदाज आहे. ऐकताच पटणारा सल्ला आणि पारखून घेतलेला सल्ला यांत किती अंतर असू शकते, याचा याहून कठोर दाखला आम्हांस ठाऊक नाही.

याच संशोधनातून उशीचाही निवाडा झाला. शिकागो शहरात १९९३ ते १९९६ या काळात दगावलेल्या २६० अर्भकांची तितक्याच निरोगी अर्भकांशी तुलना करण्यात आली. तीत पालथे निजणे आणि मऊ बिछाना यांच्याबरोबर उशी हाही एक स्वतंत्र धोका म्हणून पुढे आला. कारण समजण्यास अवघड नाही. बाळ मान वळविते, तोंड मऊ उशीत रुतते, सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला जातो, आणि तान्ह्या बाळात डोके उचलून दूर करण्याचे बळ नसते. शिवाय त्याचे डोके मागच्या बाजूस मुळातच पुढे आलेले असते. सपाट गादीवर ठेवले तरी मान किंचित पुढे झुकतेच. उशीने ती आणखी झुकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. भूल देणारे डॉक्टर तान्ह्या मुलाच्या डोक्याखाली उशी न ठेवता खांद्यांखाली कापडाची घडी ठेवतात, ते याच कारणाने.

इतिहासाला येथे आणखी एक वळण मिळाले. बाळे उताणी निजू लागली, तशी मागून चपट्या झालेल्या डोक्यांची संख्या वाढली, आणि डोके गोल ठेवणाऱ्या खळग्याच्या उशा बाजारात आल्या. आपल्या राईच्या उशीचीच ही नवी, कारखान्यातली बहीण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अशा उशा वापरू नयेत असा स्पष्ट इशारा दिला : त्यांच्यापासून लाभ सिद्ध झालेला नाही, गुदमरण्याचा धोका मात्र आहे. राईच्या उशीला हेच लागू पडते. शिवण उसवून दाणे बाळाच्या नाकातोंडात जाण्याची भीती ती निराळीच. चपटेपणावर साधे उपाय आहेत. निजविताना डोके आलटून पालटून दोन्ही बाजूंना वळवावे. बाळ जागे असताना, समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथे खेळू द्यावे. कडेवर, मांडीवर अधिक घ्यावे. बाळ बसू लागले की बहुधा आकार आपोआप सुधारतो. मान सतत एकाच बाजूस कलत असेल तर मात्र डॉक्टरांस दाखवावे.

मग उशी केव्हा? पहिले वर्षभर मुळीच नाही, याविषयी आता तज्ज्ञांत दुमत नाही. त्यानंतरही घाई न करता दीड ते दोन वर्षांपर्यंत थांबावे, असाच सल्ला सामान्यतः दिला जातो. शरीराची वाढ पाहिली तर तो सहज पटतो. जन्माच्या वेळी डोके हे देहाच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा असते. मोठेपणी ते आठवा हिस्सा उरते. डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या घेरापेक्षा अधिक असतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखे होतात आणि पुढे छाती डोक्याला मागे टाकते. मोठ्या माणसाला कुशीवर निजताना खांदा व डोके यांच्यामधील पोकळी भरावयास उशी लागते; तान्ह्याला ती पोकळीच नसते. टाळू भरून येण्याचा काळही साधारण वर्ष ते दीड वर्षाचा आहे. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध नाही, परंतु आपल्या घरांत लक्षात ठेवावयास ही खूण सोयीची आहे.

मूल पाळण्यातून अंथरुणावर आले, झोपेत स्वतः सहज कूस बदलू लागले, दुमडलेल्या हातावर वा आईच्या उशीच्या कडेवर आपण होऊन डोके टेकू लागले, की ते तयार होत आहे असे समजावे. दिलेली उशी लहान, पातळ आणि जराशी घट्ट असावी. फोमची फुगीर अथवा दाण्यांनी भरलेली नसावी. अभ्रा ताणून बसणारा व रोज धुता येण्याजोगा असावा. दोन वर्षांनंतरही मुलाने ती बाजूस सारली तर आग्रह धरू नये. उशीवाचून मुलाचे काही अडत नाही.

या इतिहासातून आम्हांस घ्यावासा वाटणारा बोध दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या विशेष उपयोगाचा आहे. येथे आजीचे पत्र एका हातात आणि इंग्रजी पुस्तक दुसऱ्या हातात, अशी अवस्था अनेक घरांनी अनुभवली आहे. पुस्तक पालथे निजवा म्हणत होते, तेव्हा बाळाला पाठीवर निजविणारी आजी बरोबर होती. अंथरूण स्वच्छ व कोरडे असावे याविषयी चरकापासून चालत आलेला तिचा कटाक्षही बरोबर होता. राईच्या उशीविषयी मात्र आजच्या डॉक्टरांचे ऐकावयास हवे. दोन्हींपैकी एकाला सर्वस्वी मान आणि दुसऱ्याला सर्वस्वी निरोप, असा निवाडा येथे करता येत नाही. प्रत्येक रीत मुलाच्या हिताच्या कसोटीवर लावूनच पाहावी लागते. आजी हयात असत्या आणि त्यांना हे आकडे कोणी समजावून सांगितले असते, तर त्यांनीही तेच केले असते, असा आमचा विश्वास आहे. गोल डोक्याची हौस त्यांना होती, ती मुलावरील मायेपोटीच.

बाळंतविड्यातून राईची उशी आजही येईल. ती प्रेमाने शिवलेली असेल. परत पाठवू नये. दृष्ट काढावयास मोहरी डब्यात असतेच. उशी मात्र पेटीत, जुन्या कुंचीशेजारी जपून ठेवावी आणि ती पाठविणाऱ्या वडीलधाऱ्यांना कारण आदराने, सविस्तर कळवावे. मंडळाच्या पहिल्या वर्षी जी मुले पाळण्यात होती ती आज आजी-आजोबा झाली आहेत. त्यांच्या नातवंडांना उशी दोन वर्षे उशिरा मिळाली, तरी झोप निर्धास्त मिळो, ही या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी आमची शुभेच्छा.