दवंडी, दस्त आणि सातबारा

सकाळी वर्तमानपत्र उघडावे तो प्लॉट, सदनिका, शेतजमीन विकणे असल्याच्या जाहिराती पुढे येतात. आता तर त्या मोबाइलवरही घरबसल्या दिसतात. ‘पुण्याजवळ, भाव निम्मा’ एवढे वाचले की गावच्या गुरुजींनाही वाटते, गाठीचे चार पैसे इथे गुंतवावेत. इतिहासाच्या अध्यापकाने यात काय सांगावे, असे तुम्ही म्हणाल. पण जाहीरपणे जमीन देण्याघेण्याची कथा पुण्याला मुळीच नवी नाही.

पुण्याच्या पेठा कशा वसल्या, ते आठवा. पेशवाईत नवी पेठ वसवायची म्हणजे शेटे-महाजन नेमायचे आणि येणाऱ्या उदमी लोकांना कौल द्यायचा, की अमुक वर्षे कर माफ, या आणि घरे बांधा. ही एक प्रकारची जाहिरातच! मात्र तिच्यामागे सरकारचा शब्द होता आणि सवलत किती, कोणत्या मुदतीची, हे त्यात स्पष्ट असे.

पुढे इंग्रजी अंमल आला. १८३० च्या सुमारास प्रिंगलसाहेबाने बसवलेला आकार रयतेला पेलला नाही. जमिनी ओस पडल्या. मग १८३५-३६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी आरंभली. शेताशेताला नंबर मिळाला, हद्दीच्या निशाण्या ठरल्या, आकार तीस वर्षांसाठी बांधला गेला. काम चांगले झाले, यात शंका नाही. पण त्याचा दुसराही परिणाम झाला. शेत कागदावर नेमके आले, तसे ते गहाण टाकणे आणि विकणेही सोपे झाले.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज तेवढे उरले. त्यातच १८६७ पासून फेरमोजणीने आकार वाढला. सावकार कोर्टात जाई, हुकूमनामा आणी, आणि मग लिलावाची दवंडी पिटली जाई. बोली लावायला बहुधा सावकारच! ज्याला आपण आज ‘चांगला सौदा’ म्हणतो, तो त्या दिवशी कुणाच्या तरी घरची चूल विझवणारा असे. अखेर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता; कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकून त्यांनी जाळले. न वाचता उठवलेला अंगठा केवढा महाग पडतो, हे त्यांना पुरते कळले होते. १८७९ च्या शेतकरी कायद्याने असले दस्त गावच्या निबंधकापुढे करण्याची सोय केली. पुढे १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये शंभर रुपयांवरील स्थावराचे खरेदीखत नोंदवणे सक्तीचे राहिले.

तेव्हा आजची जाहिरात वाचताना एवढे ध्यानात ठेवा : स्वस्ताईला कारण असते, आणि ते कारण जाहिरातीत नसते, नोंदीत असते. शेतजमीन असेल तर सातबारा पाहा, त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद तिथेच सापडते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर सरकारी परवानगीचा प्रश्न येतो. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहसा घेताच येत नाही, हेही विसरू नका. शहरातली जागा असेल तर मिळकत पत्रिका मागा. शेजारचे सौदे खरोखर कोणत्या भावाने झाले, ते निबंधकाच्या सूची क्रमांक दोनवरून कळते; दलालाच्या तोंडचा भाव त्याच्याशी ताडून पाहा. नव्या मोठ्या इमारतीच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवा. तो कायदा १ मे २०१७ पासून पुरा अमलात आला. बँकेच्या लिलावात तर ‘जसे आहे, जेथे आहे’ अशी अट असते. म्हणजे आत कोण राहतो आणि कर किती थकला, याची चौकशी तुमच्याच गळ्यात.

हे सारे कागद आज थोड्या पैशांत, काही तर फुकट पाहायला मिळतात. सुप्याच्या शेतकऱ्याला ते मिळाले नव्हते. म्हणून त्याने जाळले. आपल्याला मिळतात, तर आपण निदान वाचावेत.