मागच्या ॲक्सलवरची पट्टी

बेळगावच्या जुन्या मंडळींना जीप म्हटलं की कॅम्प आठवतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपा आमच्या भागात फिरायच्या, आणि महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला घेतल्यावर कंत्राटदार, लाकूडवाले यांच्या दारातही त्या दिसू लागल्या. आमच्या थोरल्या काकांकडे शहापुरात अशीच एक होती. मी कॉमर्सचा विद्यार्थी, पुढे जन्म बँकेत गेला. पण १९७० च्या सुमारास अंगणात काका गाडीखाली आणि मी पाने हातात देणारा, ही आमची रविवारची ड्यूटी.

आज लिहितोय ते त्या जीपच्या एका क्षुल्लक भागाबद्दल. मागच्या ॲक्सलवर ब्रेकची नळी धरून ठेवणारी पट्टी. 'ब्रॅकेट' हा शब्द काका वापरत, मिस्त्री 'पट्टी'च म्हणायचा.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्यांनी नाहीतर तारांनी ओढले जायचे. गाडीचा सांगाडा पाट्यांवर वरखाली होणार, ॲक्सल खड्ड्यात वेगळाच हलणार. मग सळी कधी ताणली जाते, कधी सैल पडते. एक चाक धरतं, दुसरं नुसतंच फिरतं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने यावर तेलाच्या दाबाचा उपाय काढला. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला ते ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायसलरला. क्रायसलरच्या लोकांनी रबरी वाट्या बसवून गळती आटोक्यात आणली. हेन्री फोर्ड मात्र हट्टी. त्यांच्या गाड्यांना तेलाचे ब्रेक यायला १९३९ उजाडलं. १९४१ च्या विलिस जीपला ते पहिल्यापासूनच होते.

पण तेल झालं तरी ॲक्सल हलायचा थांबत नाही. म्हणून सांगाड्यापासून ॲक्सलपर्यंत रबरी पाईप, तिथे एक तिकाटणं, आणि तिकाटण्यापासून डाव्या-उजव्या चाकाला पोलादी नळ्या. रबराने हलायचं, पोलादाने हलायचं नाही. ते पट्टी बघते. पट्टी सुटली की नळी थरथरते, हौसिंगला घासते, एक दिवस चिरते. त्या जीपला ब्रेकचं सर्किट एकच. मागची नळी गेली तर पुढचे ब्रेकही गेले!

काकांची जीप आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीला नेहमी जायची. एकदा निघायच्या आदल्या दिवशी मागच्या चाकाच्या आत ओल दिसली. खाली बघतो तर आधीच्या मालकाने पट्टीच्या जागी बांधकामाची तार गुंडाळलेली, आणि नळीला तिथेच करकोचा. काकूंनी देवापुढे साखर ठेवली ती उगाच नाही.

काकांना पट्टी ॲक्सलवर वेल्डिंग करून टाकायची होती. गल्लीतला मिस्त्री आडवा आला. "ओ काका, वेल्डिंग नको की! हौसिंग वाकलं तर काय करतासा?" त्याचं खरं होतं. उष्णतेने ॲक्सलची नळी वाकते, आतलं ऑइल सील जळतं. त्याने पोलादी पट्टीचा दोन भागांचा कडा करून बोल्टाने आवळला, नळीखाली रबराचा तुकडा दिला. तांब्याची नळी घ्यायला त्याने साफ नकार दिला. थरथरून ती चिरते म्हणाला. मग जॅक सांगाड्याखाली लावून चाकं लोंबकळत सोडली आणि रबरी पाईप ताणला जात नाही ना, ते पाहिलं. हे मला फार आवडलं. जमिनीवर उभ्या गाडीत पाईप नेहमीच पुरेसा दिसतो.

शेवटी एअर काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी. मी पेडलवर, मिस्त्री खाली: "दाब... धर... सोड." साधं इंजिन ऑइल त्यात कुणी घालत असे, त्याने रबरी वाट्या फुगतात. ब्रेक ऑइल वेगळंच लागतं, आणि ते सांडलं तर रंग खातं. आमच्या जीपच्या मडगार्डवर तो डाग शेवटपर्यंत राहिला.

असे मिस्त्री आमच्या गावात का निपजले, याला मुळं आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते इथेच. मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. ते गेले तरी लोखंडाची सवय गावात राहिली. पुढे उद्यमबागेत फाउंड्र्या आल्या. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर छोट्या कारखान्यांची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर यायची. तारण काय, तर एक लेथ आणि मालकाचे हात. दुसऱ्याची नोंद करायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

काकांची जीप १९८० नंतर खानापूरकडच्या एका गृहस्थाने नेली. व्यवहार ठरण्याआधी तो स्वतः गाडीखाली शिरला, पट्टी हाताने हलवून पाहिली, आणि बाहेर येऊन किमतीवर काही बोलला नाही.