गाजराचा केक आणि खानदेशी खापर

पाकशास्त्राचा इतिहास राज्यांच्या इतिहासाहून कमी बोधप्रद नाही. परंतु त्याचे दप्तर चुलीपाशी असल्यामुळे ते लवकर जळून जाते. गाजराच्या केकाचेच उदाहरण घेऊ. हा पदार्थ सर्वस्वी विलायती, अशी आपली समजूत. वस्तुतः गाजराची लागवड प्रथम इराण-अफगाणिस्तानच्या टापूत झाली. नारिंगी गाजर हॉलंडात सतराव्या शतकात रूढ झाले. जॉन एव्हलिन याच्या १६९९ सालच्या ग्रंथात किसलेल्या गाजराच्या पुडिंगाची कृती आढळते. पुढे १९४० साली इंग्लंडात साखरेचे रेशनिंग सुरू होताच हाच स्वस्त कंद गोडीसाठी पुन्हा पुढे आला. वरचा क्रीम चीजचा लेप मात्र अमेरिकेने घातलेली भर होय.

आपल्याकडे भट्टीच्या पदार्थांची वाट सुगम नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृतींपुढे चहाबिस्किटे आली, एवढ्यावरून ग्रामण्य माजून गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. जेथे बिस्किटावरून पंक्ती मोडत, तेथे केक घरच्या चुलीपर्यंत पोहोचावयास काळ लागला, यात नवल ते काय?

आता पारोळ्याकडे वळू. तेथील किल्ला हरि सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ साली बांधला व १८५९ साली इंग्रज सरकारने तो जप्त केला, ही सनावळी सरकारी दप्तरात सापडते. पण त्याच मुलखात आखाजीला लेकी माहेरी आल्या म्हणजे पालथ्या खापरावर जे पुरणाचे मांडे भाजतात, त्यांची सनावळी कोठे सापडावी? गव्हाची सैल कणीक हातावर झेलीत पसरावयाची आणि तापल्या खापरावर अलगद टाकावयाची, ही विद्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. कागदावर ती उतरत नाही.

केकाची अडचण निराळी. मांडा पातळ, त्यास एका अंगाची आच पुरते; केक जाड, त्यास चहूंकडून आच हवी. कोकणातील गृहिणींनी काकडीच्या धोंडसासाठी हा प्रश्न कधीच सोडविला होता : पातेल्याखाली निखारे, झाकणावरही निखारे. हीच युक्ती गाजरास लागू पडते. जाड पातेल्यात वाळू तापवून त्यात तूप लावलेला डबा ठेवावा आणि वरून झाकणावर निखारे घालावे. पीठ, साखर, तूप, किसलेले गाजर यांत दही व चिमूटभर सोडा पडला की दह्याच्या आंबटाने सोड्यातून वायू सुटतो व पीठ फुगते. म्हणून अंड्यावाचूनही केक हलका होतो. मात्र मिश्रण तयार होताच आचेवर ठेवावे, नाहीतर वायू निघून जातो. गाजरात पाण्याचा अंश फार, यास्तव आच मंद ठेवून भाजणी लांबवावी. लेपासाठी आपला चक्का साखर घालून फेटावा. केक पूर्ण निवल्याखेरीज तो लावू नये, नाहीतर वितळून ओघळतो.

तात्पर्य, परकेपणा पदार्थात नसतो, तो आपल्या अपरिचयात असतो. गाजर परदेशातून आले आणि हलव्यात विरून आपले झाले. केकही तसाच होईल. चिंता करावयाची ती खापराची. किल्ल्याचे दगड मोजावयास सरकार आहे; पण खापरावर मांडा टाकणारा हात थांबला, तर त्याचे माप सांगणारा दुसरा कोणी नाही. म्हणून ज्या वहीत आजची सून केकाची कृती उतरून घेते, तिच्याच पुढल्या पानावर सासूच्या मांड्याचीही कृती, तिला विचारून, आजच लिहिली जावी.