‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ : दूरच्या संगणकावरील चित्र नेमके अडते कोठे?

सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९६१ सालची. एनआयटीतील निम्म्या जागा परराज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे गोव्यातील मुलेही अशा दूरच्या संस्थांत शिकायला जातात. समजा, अशाच एका विद्यार्थ्याने सुरतच्या प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर हवेच्या प्रवाहाचे मोठे गणित लावून ठेवले आणि सुटीत तो मडगावला घरी आला. गणित पूर्ण झाले. व्हीपीएनमधून संस्थेच्या जाळ्यात शिरून, पुढे एसएसएचने तो त्या संगणकावर पोहोचला. फाइलींची यादी दिसते, आज्ञा चालतात. मात्र आलेख उघडू जाताच एकच ओळ उमटते : ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. मार्गदर्शकांना अहवाल द्यायचा आहे दुसऱ्या दिवशी सकाळी.

ही ओळ फसवी आहे, कारण अर्धा डझन निरनिराळ्या बिघाडांना युनिक्सच्या घराण्यात हेच एक वाक्य आहे. त्यामुळे सापडेल ती आज्ञा चालवून पाहण्यापेक्षा चित्राचा मार्ग समजून घेणे केव्हाही कमी वेळाचे ठरते.

या चित्रव्यवस्थेचे नाव ‘एक्स’. अमेरिकेतील एमआयटीच्या ‘अथेना’ प्रकल्पात १९८४ साली तिचा जन्म झाला. १९८७ मध्ये आलेली तिची अकरावी आवृत्ती, म्हणजेच एक्स ११, आजही वापरात आहे. हिच्यातील शब्दयोजना नवख्याला उलटी वाटते. ज्या यंत्राला पडदा, कळफलक आणि माउस आहे, त्यावर चालतो तो ‘सर्व्हर’. चित्र काढून मागणारा प्रोग्राम हा ‘क्लायंट’. म्हणजे आपल्या उदाहरणात सर्व्हर मडगावच्या लॅपटॉपवर आहे आणि सुरतचे बलाढ्य यंत्र त्याचे गिऱ्हाईक! हे एकदा ध्यानात आले की पहिला प्रश्न आपोआप सुचतो : मडगावात एक्स सर्व्हर चालू आहे का? लिनक्सच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर तो असतोच. विंडोजवर ‘व्हीसीएक्सएसआरव्ही’ किंवा ‘मोबाएक्सटर्म’ यांपैकी काही बसवावे लागते. मॅकसोबत अ‍ॅपलने तो २०१२ पासून देणे थांबवले. तेथे ‘एक्सक्वार्ट्झ’ बसवून एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते, आणि हे दुसरे पाऊल हमखास विसरले जाते.

दुसरा प्रश्न सुरतच्या यंत्राला विचारायचा. तेथील ‘डिस्प्ले’ या व्हेरिएबलमध्ये काय लिहिले आहे? एसएसएच आज्ञेला उणे चिन्हासह कॅपिटल एक्स जोडले असेल आणि सारे सुरळीत असेल, तर तेथे ‘लोकलहोस्ट:१०.०’ असे काहीसे दिसते. येथे दहा हा खोट्या पडद्याचा क्रमांक. खऱ्या पडद्यांची पोर्टे ६००० पासून सुरू होतात, म्हणून या खोट्या पडद्याचे पोर्ट ६०१०. त्यात पडलेले चित्र एसएसएचच्या कूटबद्ध बोगद्यातून लॅपटॉपवर येते. जुन्या मार्गदर्शिका वाचून काही जण आपल्या लॅपटॉपचा आयपी पत्ता हाताने या व्हेरिएबलमध्ये लिहितात आणि तो सुरुवातीच्या फाइलीत कायमचा कोरून ठेवतात. मग एसएसएचने भरलेले बरोबर मूल्य दर वेळी पुसले जाते. ती ओळ काढून टाकणे हाच त्यावर इलाज.

मूल्य रिकामेच असेल तर बोगदा मागितला गेला नाही किंवा नाकारला गेला. एसएसएचला कॅपिटल नव्हे, लहान ‘व्ही’चा पर्याय दिला की ते आपला संवाद उघड करते आणि नकार कोठे आला ते दिसते. सुरतच्या यंत्रावरील एसएसएचच्या संरचना-फाइलीत ‘एक्स ११ फॉरवर्डिंग’ला होकार हवा, ओपनएसएसएचच्या मूळ संकेतात तो नकारच असतो, जरी अनेक लिनक्स वितरणे तो होकारात बदलून देतात. दुसरी गरज ‘एक्सऑथ’ या छोट्या प्रोग्रामची. पडद्याविना चालणाऱ्या यंत्रावर किमान सामग्रीच बसवलेली असल्यास तो नसतो. तिसरे कारण अवघड जागचे : यंत्रावर आयपीव्ही ६ बंद केलेले असेल, तर एसएसएच सेवेला केवळ आयपीव्ही ४ वापरण्यास सांगेपर्यंत बोगदा नाकारला जाऊ शकतो. ही तिन्ही कामे प्रशासकाची आहेत. त्याला ‘चित्र दिसत नाही’ एवढेच न लिहिता त्या संवादातील नेमकी ओळ पाठवली, तर उत्तर लवकर मिळते.

मूल्य बरोबर असूनही दार उघडत नसेल, तर प्रश्न किल्लीचा असतो. एक्स आपल्या गिऱ्हाइकाकडून एक गुप्त संकेत मागतो. तो घरच्या फोल्डरातील ‘एक्सऑथॉरिटी’ नावाच्या लपलेल्या फाइलीत राहतो आणि प्रत्येक प्रवेशाच्या वेळी नव्याने लिहिला जातो. आता गंमत पाहा. विद्यार्थ्याच्या गणिताने गिगाबाइटवारी निकाल लिहून त्याच्या वाट्याची डिस्क पुरती भरून टाकलेली असते. काही अक्षरांचा संकेत लिहायलाही जागा उरत नाही. सारे दोष नेटवर्कवर ढकलले जातात आणि इलाज निघतो चार जुन्या फाइली खोडण्यात. ‘सुडो’ने दुसरा वापरकर्ता होऊन प्रोग्राम चालवला, तरी तो संकेत सोबत जात नाही. आणि गणित ‘टीमक्स’च्या सत्रात लावलेले असेल, तर त्या सत्राला सुरतच्या वसतिगृहातून उघडलेला जुना पडदा आठवत असतो, मडगावहून उघडलेल्या नव्या पडद्याचे मूल्य त्यात पुन्हा भरावे लागते.

या टप्प्यावर कंटाळलेला माणूस ‘एक्सहोस्ट’ला अधिकचिन्ह जोडून मोकळा होतो. हे कदापि करू नये. त्याने आपल्या पडद्यावरील पहारा उठतो, आणि ज्याला तेथवर पोहोचता येईल त्याला आपण टंकलेली प्रत्येक कळ, पासवर्डसकट, वाचता येते. एसएसएचच्या बोगद्याला त्याची गरजही नसते. कॅपिटल ‘वाय’चा पर्यायही दूरच्या प्रोग्रामवर पूर्ण विश्वास टाकतो, तो ओळखीच्या यंत्रापुरताच बरा. मात्र कडक ‘एक्स’ पर्यायाला मूळ संकेतानुसार वीस मिनिटांची मुदत असते. त्यानंतर नवी खिडकी नाकारली गेली, तर तो बिघाड नव्हे.

खिडकी उघडली तरी ती रखडू शकते. सुरत आणि मडगाव यांत सरळ रेषेत सुमारे साडेसहाशे किलोमीटर अंतर. प्रकाशतंतूतून एवढ्या अंतराच्या फेरीला सहा-सात मिलिसेकंद पुरावेत; प्रत्यक्षातला मार्ग बराच वळणाचा असतो. एक्सच्या प्रोग्रामना एकेक खिडकी उभी करताना अशा शेकडो फेऱ्या घालाव्या लागतात. त्रिमितीय चित्रांची अडचण निराळी : त्यासाठी लागणारा दूरस्थ ओपनजीएल मार्ग एक्सऑर्गने १.१७ या आवृत्तीपासून सुरक्षेसाठी मूळ संकेतातच बंद ठेवला आहे. म्हणून साधे ‘एक्सक्लॉक’ आधी उघडून पाहावे. घड्याळ दिसले आणि प्रवाहाचे चित्र दिसले नाही, तर दोष मार्गाचा नसून त्या प्रोग्रामच्या अपेक्षांचा आहे. रोजचे काम असेल तर ‘एक्सप्रा’, ‘एक्सटूगो’ किंवा व्हीएनसी बरे. त्यांत पडदा सुरतेतच राहतो आणि तयार चित्र तेवढे येते.

उद्या सकाळी अहवाल द्यायचा असेल, तर मात्र खिडकीचा हट्टच सोडावा. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ‘एजीजी’ हा पर्याय निवडला की आलेख पडद्याविना थेट पीएनजी फाइलीत उतरतो, आणि ‘एससीपी’ने ती फाइल क्षणात लॅपटॉपवर येते.

एक्सचा काळ आता मावळतीकडे आहे. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर वगळण्यात आला आणि त्याची जागा ‘वेलँड’ने घेतली. जुन्या प्रोग्रामसाठी त्यात ‘एक्सवेलँड’ नावाचा दुभाषी आहे, त्यामुळे वर सांगितलेला बोगदा तूर्त चालतो. निव्वळ वेलँडवर बेतलेले प्रोग्राम दुरून पाहण्यासाठी ‘वेपाइप’ हे साधन आहे. ते दोन्ही यंत्रांवर बसवावे लागते.