सोनं तोलणाऱ्या मगरी

अक्रामधलं घानाचं राष्ट्रीय संग्रहालय 5 मार्च 1957 रोजी उघडलं; देश स्वतंत्र झाला तो दुसऱ्या दिवशी. तिथल्या संग्रहात चटकन नजरेतून निसटतील अशा वस्तू म्हणजे सोन्याची भुकटी तोलायची अकान लोकांची पितळी वजनं. अशा वजनांत दोन मगरी हमखास भेटतात. फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या, तोंडं दोन, पोट एकच. घास कुणीही गिळला तरी जाणार त्याच पोटात, आणि भांडण तरी चालूच! बोटाच्या पेराएवढ्या पितळेत अख्खी म्हण.

या वजनांचं मूळ मात्र बियांत आहे. अगदी थोडं सोनं अकान व्यापारी 'डामा'ने तोलत. लाल, काळ्या ठिपक्याची ही बी म्हणजे आपली गुंजच. आठ गुंजांचा मासा धरणारा आपला सोनार त्या ताजव्यापुढे अवघडला नसता. सहारा ओलांडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांकडून मिस्काल हे माप आलं. 1471मध्ये पोर्तुगीज किनाऱ्याला लागले, मग डच आले; त्यांचे औंसही त्याच गाठोड्यात गेले. जुनी वजनं साधी, भौमितिक; पक्षी, माणसं, मगरी पुढे अवतरल्या.

घडवायची रीत मेणाची. मेणाच्या आकृतीवर माती लिंपायची, तापवून मेण काढायचं, पोकळीत पितळ ओतायचं. कधी मेणालाही फाटा देत. खरा भुंगा किंवा भुईमुगाची शेंगच मातीत लिंपून जाळायची. त्यामुळे शेंगेच्या टरफलावरची जाळी पितळेत जशीच्या तशी उतरते. वजन कमी भरलं तर शिशाचा तुकडा जोडायचा, जास्त भरलं तर शेपूट किंवा पाय छाटायचा. म्हणून लंगडा प्राणी दिसला की हळहळू नये, तिथे हिशोब जुळवलेला असतो. (असांते या अकान राज्याच्या राजाची वजनं म्हणे जरा जडच असत. फरक खजिन्यात.)

1889मध्ये ब्रिटिशांनी भुकटीचं चलन बंद केलं आणि वजनं बेकार झाली. काही घरात राहिली, बरीच परदेशी शौकिनांनी नेली. 1965मध्ये स्वतंत्र घानाने नवं चलन काढलं तेव्हा मात्र नावं जुन्या व्यवहारातलीच घेतली. सेदी म्हणजे कवडी. पेसेवा ही सोनं तोलायची सगळ्यात लहान बी. 100 पेसेवांचा एक सेदी, म्हणजे शंभर बियांची एक कवडी. आपल्याकडे कवडीमोल ही शिवी. तिथे अख्खं चलन तिच्या नावाचं.